काळ्या चिंधीची बरणी

मला किळस फार लवकर येते. लहानपणी दुधावरची साय ओठाला लागली तरी मी ताटावरून उठायचे. आई म्हणायची, "हिला एखाद्या राजाच्या घरी द्या." राजा काही मिळाला नाही. मिळाला तो सानपाड्याच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आईवडिलांबरोबर राहणारा, तोंडातून शब्द न काढणारा एक सज्जन माणूस. आणि त्याच्याबरोबर मिळाली स्वयंपाकघरातली एक फळी. त्या फळीवर पुढे आठ महिने ज्या बरण्या उभ्या होत्या, त्यांची आठवण निघाली की आजही माझ्या तोंडाला पाणी सुटतं. चवीचं नव्हे, उलटीच्या आधी सुटतं ते.

नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. सासरे साताऱ्याकडचे. त्यांनी उभा जन्म मसाल्याच्या बाजारात पोती वाहिली होती, आधी मुंबईत आणि बाजार वाशीला आल्यावर इथं. मिरचीच्या पोत्यांनी त्यांच्या नाकाचा पार निकाल लावला होता. दूध उतू जाऊन जळलं तरी त्यांना पत्ता नसायचा. सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणायची त्यांच्याकडे पद्धत होती, तीच मी उचलली.

लग्न ठरताना मी एकच गोष्ट मागितली होती, नोकरी. वाशीच्या एका ऑफिसात मी टायपिस्ट होते, तात्पुरती. अजून वर्षभर नीट काम केलंस तर कायम करू, असं साहेबांनी सांगितलं होतं. मामांनी बैठकीत सगळ्यांसमोर अट घातली. "नोकरी करू द्या तिला, आमची ना न्हाय. पर सांजचं ताट साडेसातला पायजे. ताजं, घरचं, सुनंच्या हातचं. पाकीट माझ्या घरात येणार न्हाय. ज्या दिवशी ताट चुकंल त्या दिवशी नोकरी बंद." माझ्या वडिलांनी मान डोलावली, होणाऱ्या नवऱ्याने मान डोलावली, आणि मला वाटलं, एवढंच ना!

आता मी पडले पाकिटांवर वाढलेली. माझी आई शाळेत कारकून होती. आमच्याकडे गुलाबजाम पाकिटाचे, ढोकळा पाकिटाचा, सूपसुद्धा पाकिटाचं. पाकिटाचा कोपरा दातांनी फाडला की आतून पांढरीशुभ्र, भुरभुरीत पूड पडायची. कुणाचा हात लागलेला नाही, कुणाचा घाम नाही, कुणाचं नख नाही. मला ते फार आवडायचं. मामांचा मात्र पाकिटावर दात होता. "पाकिटात काय भरत्यात ते म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय," असं ते म्हणत, आणि काय बघितलं ते नेमकं आम्ही जेवायला बसलो की सांगत. गोदामाची झाडलोट, पाली, मेलेला उंदीर. गंमत अशी की त्यांचे जुने जोडीदार पोत्यातून गळून खाली सांडलेली डाळ, तांदूळ पिशवीत भरून आमच्याकडे आणून देत, आणि ते मात्र मामांना पवित्र. "आपल्या माणसाच्या हातचं हाय." त्यातल्या उंदराच्या लेंड्या आत्या सुपात पाखडून, वेचून काढत. सगळ्या निघाल्या अशी त्यांची खात्री असे. माझी कधीच नव्हती.

ऑफिस साडेपाचला सुटायचं. बस मिळून घरी यायला साडेसहा. पुढच्या तासाभरात भाकरी, आमटी, भाजी आणि त्यांना लागणारं काहीतरी चमचमीत, असा सगळा स्वयंपाक. सून आल्यावर सासूनं चूल फुंकायची नाही हा आणखी एक नियम, आणि आत्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदूही उतरत होता. पहिल्या महिन्यात मी दोनदा रडले आणि तीनदा भाजले. एकदा ताट पावणेआठला मांडलं, तेव्हा मामा घड्याळाकडे बघून नुसतं हसले.

तेव्हा आत्यांनी बरण्या काढल्या.

सोसायटीच्या ऑफिसात दर बुधवारी महिला मंडळ भरायचं. एक बाई शिकवायला यायच्या, कधी कापडी फुलं, कधी सॉस. त्या महिन्यात त्यांनी 'घरच्या घरी झटपट मिश्रणं' शिकवली. डाळ-तांदूळ भाजून, दळून, त्यात लिंबूसत्त्व, साखर, मीठ घालून ठेवायचं. ऐन वेळी पाणी आणि सोडा घातला की ढोकळा. रवा तेलात परतून, फोडणीसकट भरून ठेवला की दहा मिनिटांत उपीट. तूरडाळ भाजून भरडून ठेवली की कुकर न लावता आमटी. बाकीच्या बायकांनी वह्यांत लिहून घेतलं. आत्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी ते सगळं ऐकून डोक्यात ठेवलं आणि घरी येऊन मला म्हणाल्या, "तुजी नोकरी ऱ्हायली पायजे. मला अक्षर यीना, तुला मशीन येतंय. म्या दुपारी मिसळून ठिवते, तू सांजच्याला निस्तं पाणी घाल." मी खूश झाले. मग एका रजेच्या दिवशी मी त्यांना ते मिसळताना बघितलं.

जमिनीवर वर्तमानपत्र, त्यावर परात, परातीपुढे आत्या एक पाय लांब करून बसलेल्या. चमचा नाही, कालथा नाही. उजवा हात मनगटापर्यंत पिठात. मूठ मिटत होती, उघडत होती, तेल लागलेला रवा बोटांच्या मधून वर येत होता. मधेच त्या तळहातावर चिमूटभर घेऊन जिभेनं चाटत आणि तोच हात पुन्हा परातीत. कपाळावरचा घाम निथळून हनुवटीवर यायचा, तो त्या दंडानं पुसत. दर वेळी पुसला जायचाच असं नाही. मी दारात उभी होते. "बघ कसं मोकळं झालंय," त्या म्हणाल्या. मला बोटांशिवाय काही दिसतच नव्हतं, आणि बोटांतलं एक बोट तर मी आधीपासून ओळखून होते.

ते उजव्या हाताचं पहिलं बोट. त्याचं टोक नखासकट काळं होतं. आत्या मिसरी लावायच्या. तंबाखू तव्यावर जाळून केलेली काळी पूड, ती बोटावर घेऊन दातांवर घासायची, घासत बसायची, मग काळी थुंकी. गावाकडे घरोघरी बाया लावतात, त्यात नवल नाही. पण मुलाचं लग्न ठरलं तेव्हा मामांनी त्यांना देवापुढे उभं केलं होतं आणि खंडोबाचा भंडारा उचलायला लावला होता. शहरातली सून येतेय, आजपासून मिसरी बंद. भंडारा उचलून शब्द दिला म्हणजे संपलं, त्याच्या पुढे कोर्टकचेरी नाही. आत्यांनी भंडारा उचलला आणि मिसरी चालूच ठेवली. मामा दुपारी बागेत गप्पा छाटायला गेले की त्या मोरीत जाऊन बसत. मामांना वास येत नव्हता, आणि आत्यांचे दात तर तीस वर्षांपासून काळेच होते. हे सगळं मला दुसऱ्या आठवड्यातच कळलं, कारण मला नको तेवढं नाक आहे.

म्हणजे आधी मोरीत ते बोट आणि मग परातीत तेच बोट. त्या हात धुवायच्या, नाही असं नाही. पण वास जात नाही हो. ओल्या राखेसारखा, कुजकट गोडसर वास. मला ढोकळ्याच्या बरणीला तो यायचा, उपिटाच्या बरणीला यायचा, मुगाच्या डोशाच्या पिठाला यायचा. प्रत्येक झाकण उघडलं की आधी मिसरी आणि मग काय असेल ते.

त्यात सानपाड्याची दमट हवा. पावसाळ्यात बरण्यांतल्या पुडीच्या गुठळ्या व्हायच्या, त्या फोडल्या की आतून पिवळट, चिकट काहीतरी निघायचं. तेलाचा रवा खवट व्हायचा. भरडीत जाळी धरायची, जाळीत टोके, धान्यातले ते काळे किडे. एकदा मी बरणी आत्यांच्या डोळ्यांपुढे धरली. त्यांनी टोका दोन बोटांत धरून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "त्यो बी धान्यच खाऊन मोठा झालाय न्हवं. मग घाण कसली?" आणि बरणी उन्हात ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा फळीवर.

मी यावर एक युक्ती काढली होती. श्वास रोखायचा. झाकण उघडण्याआधी छातीत हवा भरून घ्यायची, पदर नाकावर, नजर बरणीच्या आत न टाकता चमचा घालायचा, हवं तेवढं पातेल्यात टाकायचं, झाकण लावायचं आणि खिडकीशी जाऊन श्वास सोडायचा. आणि मी त्यातलं काही खायचे नाही. बस स्टॉपवर वडापाव खाऊन यायचे. तळणारा माणूस कुठे कुठे खाजवत असेल ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेल्या घाणीचं मला काही वाटत नाही. घरी मग भाकरी आणि दही. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, मी इतके उपास धरले की आत्या शेजारणींना कौतुकानं सांगायच्या.

मामा मात्र बरणीतलं घरचंच म्हणून रोज साडेसातला गरम गरम जेवत आणि ढेकर देत. "पाकीट लागत न्हाय आपल्याला," असं ते बागेतल्या जोडीदारांना सांगत. ताट एकदाही चुकलं नाही. ऑफिसात माझं काम चांगलं चाललं होतं. साहेबांनी मार्चअखेर कायम करतो म्हणून सांगितलं होतं. आठ महिने त्या किळसवाण्या बरण्यांनी माझी नोकरी धरून ठेवली होती, आणि मी त्यांच्यावर मनातून थुंकत होते.

बरण्या ओळखण्यासाठी आत्यांनी जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, आणि मोतीबिंदूमुळे आतलं नीट दिसतही नव्हतं. पिवळी चिंधी ढोकळा, पांढरी उपीट, हिरवी मूग, लाल आमटीची तिखट घातलेली भरड. आतल्या वस्तूचा जो रंग, तीच चिंधी. काळी चिंधी म्हणजे काळा मसाला, कांदा-खोबरं जाळून केलेला, आमटीत चमचाभर घालायचा.

संक्रांत होऊन आठवडा झाला होता. माझी पहिली संक्रांत म्हणून मला काळी साडी घेतली होती, ती नेसूनच मी ऑफिसला गेले होते, कारण संध्याकाळी खाली पहिल्या मजल्यावर हळदीकुंकू होतं. त्या दिवशी साहेबांनी मला पत्रं पूर्ण करायला थांबवलं. बस मिळाली नाही. घरात पाऊल टाकलं तेव्हा सात वाजून गेले होते. आत्या माझी वाट बघून हळदीकुंकवाला गेल्या होत्या. भाकरी तेवढ्या नियम मोडून त्यांनीच करून ठेवल्या होत्या, मामांची नजर चुकवून. मामा बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर, त्यांच्या डोक्यावर घड्याळ.

मी पदर खोचला. छातीत हवा भरली. लाल चिंधीच्या बरणीतून पाच चमचे भरड. श्वास सोडला, पुन्हा भरला. काळी चिंधी. पुढची बरणी रिकामी निघाली. तळाशी नुसता खडखडाट. पावणेसात असते तर मी खाली जाऊन विचारून आले असते. मी स्टुलावर चढले, फळीच्या मागच्या रांगेत हात घातला आणि हाताला आणखी एक बरणी लागली, तिलाही काळी चिंधी. शहाणी बाई, भरून ठेवलीय, असं मला वाटलं. नाकावर पदर, नजर भिंतीकडे. एक चमचा भरून. आमटी काळी झाली, ती रोजच होत होती. वास आला असेल, तर तो मला त्या प्रत्येक बरणीला येत होता.

चव बघायचा प्रश्नच नव्हता. एक तर मी बघत नसे, आणि दुसरं म्हणजे त्या घरात देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय शिजलेल्याची चव घ्यायची पद्धत नव्हती. मी वाटीत आमटी घेतली, देवघरातल्या खंडोबाच्या टाकासमोर ठेवली, पाणी फिरवलं. मग दोन ताटं वाढली, मामांचं आणि नवऱ्याचं. साडेसातला दोन मिनिटं कमी होती.

मामांनी भाकरी कुस्करली, वर आमटी ओतली आणि मोठा घास घेतला. दुसरा घेतला. मग त्यांचा चेहरा बदलला. नवऱ्यानं तर तोवर चार घास गिळले होते, कारण जेवताना बोलायची त्याला सवय नव्हती. मामा उठले, भिंत धरून मोरीपर्यंत गेले आणि उंबऱ्यातच ओकले. काळं ओकले. घाम फुटून त्यांचं बनियन पाठीला चिकटलं, डोकं धरून ते खाली बसले. पाठोपाठ नवरा बेसिनकडे. दोन माणसांच्या ओकाऱ्या, काळी आमटी, भाकरीचे तुकडे, आणि मी काळ्या साडीत मधोमध उभी. मला मदतीला जायचं सुचलं नाही. मी माझं तोंड दाबून धरलं होतं.

तेवढ्यात आत्या आल्या, कपाळभर हळदकुंकू, हातात वाणाची प्लास्टिकची गाळणी. त्यांनी मामांना पाणी दिलं, पाठ चोळली. जरा धाप कमी झाली तसं मामांनी माझ्याकडे बघितलं.

"काय घातलंस?"

"काळा मसाला."

"मसाला ह्यो? जन्म गेला माझा मसाल्यात. मन त्या हापिसात ठिवायचं आन् हात हितं चालवायचं. आमाला मारशील की एक दिवस." ते थांबले, पुन्हा उमळून आलं, ते आवरलं. "उद्याच्याला कागद लिहून दे. नोकरी बंद."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं नळ चालू केला.

मी स्वयंपाकघरात गेले, ती बरणी उचलली आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा नाक आत घालून वास घेतला. मग मला सगळं कळलं. राग माझ्या डोक्यात गेला. माझी नोकरी, माझे आठ महिने, ते श्वास रोखणं, आणि ही बाई आपली घाण माझ्या मसाल्यामागे लपवून ठेवते! मी बरणी घेऊन बाहेर आले. आता हे मला खरं सांगायलाच हवं. मी सांगणार होते. वाक्य तयार होतं, 'विचारा तुमच्या बायकोला, भंडारा उचलून काय करते ती,' आणि मी तोंड उघडलंही होतं.

आत्यांनी आधी बरणीकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे. त्या उठल्या, माझ्या हातातून बरणी काढून घेतली आणि सरळ देवघरापाशी गेल्या. भंडाऱ्याची वाटी उचलली. माझी नैवेद्याची वाटी अजून तिथंच होती, वर साय धरलेली.

"मिसरी हाय ती," त्या म्हणाल्या. "माझी. सुटली न्हाय मला. भंडारा खोटा केला म्या. तिला काय ठावं न्हवतं, तिनं मसालाच समजून घातला. देवाशपथ."

टीव्हीवर कुणीतरी हसत होतं. मामांनी नैवेद्याच्या वाटीकडे बघितलं. मग म्हणाले, "खंडुबाला फसिवलंस." आणि थोड्या वेळानं, "सुनंचा दोष न्हाय." दुसरं वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, पण म्हटलं.

माझी नोकरी राहिली ती त्या वाक्यावर.

त्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्या बरण्या पोत्यात भरल्या आणि खाली कचऱ्यात नेऊन टाकल्या. मिसरीची, ढोकळ्याची, मुगाची, सगळ्या. आणि सांगितलं की आजपासून हिचा हात अन्नाला लागायचा नाही, देवाला लागायचा नाही. "पाप्याचा हात." आत्यांनी एका शब्दानं विरोध केला नाही. नवऱ्यानंही नाही, पण त्यात नवीन काही नव्हतं.

मग चौथ्या दिवशी मामा बाजारातून आले आणि ओट्यावर पिशवी उपडी केली. पाकिटं! ढोकळ्याची, इडलीची, गुलाबजामची. "करणार काय? बायकांचा भरवसा न्हाय," ते म्हणाले. मी त्यांतलं एक दातांनी फाडलं. पांढरीशुभ्र, भुरभुरीत पूड, कुणाचा हात न लागलेली. आठ महिने मी ज्यासाठी झुरले ते समोर होतं. ढोकळा फुगला. मामांनी तीन तुकडे खाल्ले आणि म्हणाले, "हलका झालाय. आधीच आणायला पायजे हुता." मला इतकी किळस त्या टोक्यांचीही कधी आली नव्हती. ज्या बाईनं त्यांच्या हट्टापायी दुपारच्या दुपारी परातीपुढे बसून काढल्या, ती बाल्कनीत पाठ करून बसली होती आणि हा माणूस मिटक्या मारत होता.

आत्या दिवसभर तिथंच बसत. महिला मंडळाला जाणं बंद झालं. मिसरी सुटली की डोकं ठणकतं, पोट साफ होत नाही, तोंडाला चव राहत नाही, हे मला तेव्हा कळलं. त्या काही मागत नव्हत्या. अंगठा फक्त पहिल्या बोटावर सारखा घासत राहायचा. ताट पुढे ठेवलं की दोन घास खाऊन सरकवून द्यायच्या. मार्चअखेर माझं कायम झाल्याचं पत्र आलं. ते मी सगळ्यांत आधी त्यांना दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "झालीस का कायम? बरं झालं माय."

ते बोट स्वच्छ होतं. टोकापर्यंत पांढरं, धुतलेलं, नखात काही नाही. असं व्हावं म्हणून मी किती नवस बोलले होते, आणि मला ते बघवेना.

पुढच्या रविवारी मी शेजारच्या शिरवणे गावात गेले. आमच्या सोसायटीतलं कुणी तिथं भेटायची शक्यता नव्हती. गावातल्या दुकानात एक म्हातारी आगरीण बसली होती, तिचेही दात काळे. मी तंबाखू मागितली, अख्ख्या पानांची. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कोनासाटी गो?"

"सासूसाठी."

"भाजाला येतं का तुला?"

"नाही."

"तवा तापव चांगला. धूर होल, घाबरू नको. काली झाली का चुरगलायची न् फडक्यातनं चालायची. हात घालशील तं तो काला होल, त्याला विलाज नाय."

मामा बागेत गेल्यावर मी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि तवा ठेवला. पानं टाकली. आधी काही झालं नाही, मग जो धूर उठला त्यानं माझे डोळे, घसा, पोट, सगळं एकदम उलटं झालं. श्वास रोखून भागत नव्हतं, कारण हे काम एका श्वासाचं नव्हतं. मी दोनदा मोरीत जाऊन ओकले आणि परत येऊन पानं उलटली. शेजारच्या वहिनींनी दार वाजवलं, त्यांना सांगितलं की भाकरी करपली. पानं काळी झाल्यावर मी वर्तमानपत्रावर परात घेऊन बसले, एक पाय लांब करून, कारण तसं बसल्याशिवाय जोर लागत नाही. चमच्यानं चुरा होईना. शेवटी हात घातला. वस्त्रगाळ केली. माझ्या नखांत, बोटांच्या रेघांत ते काळं जाऊन बसलं, आणि साबणानं गेलं नाही. सोमवारी ऑफिसात टाइप करताना मला ते दिसत होतं.

मामांनी बरण्या टाकल्या होत्या, म्हणून लोणच्याची एक रिकामी बरणी घासून घेतली. ती पूड भरली. काळी चिंधी कुठून आणायची? मी माझी संक्रांतीची साडी काढली, पदराच्या टोकाची पट्टी फाडली आणि बरणीच्या गळ्याला बांधली. बरणी माझ्या कपाटात, ऑफिसच्या साड्यांच्या मागे ठेवली. तिथं मामा हात घालणार नव्हते. मग बाल्कनीत जाऊन आत्यांना आत बोलावलं आणि कपाट उघडून दाखवलं.

त्यांनी आधी चिंधी चाचपली, डोळ्यांजवळ नेली. मग झाकण काढलं, बोट बुडवलं, दातांवर फिरवलं आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. मी मोरीकडे पळायच्या तयारीत होते. आजही असतेच.

"कच्ची ऱ्हायलीया," त्या म्हणाल्या. "आजून भाजाया पायजे हुती."

त्याच्या पुढच्या रविवारी मी जास्त वेळ भाजली.